करपत्र

'करवत' या शब्दाच्या पोटात हात आहे. संस्कृतात 'करपत्र', म्हणजे हाताने चालवायचे पाते. प्राकृतातून झिजत ते 'करवत' झाले आणि काशीकरवतीपासून करवतकाठी लुगड्यापर्यंत मराठीत हिंडून आले. विजेवर गरगरणाऱ्या पात्यालाही आपण करवतच म्हणतो. त्यातल्या 'करा'चे काय होते, हा प्रश्न निव्वळ व्युत्पत्तीचा नाही.

वडील परळच्या एका गिरणीच्या सुतारखात्यात होते. १९८२च्या संपानंतर लालबागच्या चाळीत देव्हारे, स्टुले, पोटमाळ्याच्या शिड्या करून त्यांनी घर चालवले. पुढे घेतलेली त्यांची गोल करवत यंदा थांबली. आर्मेचर गुंडाळून मिळाले असते. पण खालच्या गार्डची स्प्रिंगही तुटली होती आणि त्या जुन्या मॉडेलची मिळेना. इकडे गिरगावात आजोळची चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेली, तिचे सागवानी वासे आणून ठेवलेले. एका वाशाला पाळण्याचे कडे अजून तसेच आहे. त्यांचे पुस्तकांचे कपाट करायचे होते.

"कशाला एवढा खर्च, सर? चार इंची कटर घ्या, लाकडाचे पाते लावा," मिस्त्री म्हणाले. मुंबईतले किती फर्निचर या लादी कापायच्या यंत्रावर होते! ते स्वस्त आणि हलके. पण पाते ११० मिलिमीटरचे, काप जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोल. शिवाय पात्याला खालून झाकणारे सरकते गार्ड त्याला नसते. लादीचे पाते घासते. लाकडाचे दातेरी पाते चिरेत आवळले, तर यंत्र मागे उसळते.

"गार्ड असला की रेघ दिसत नाही," हेही ते म्हणाले. ते खोटे नव्हे. त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपते. त्याविषयी आम्ही दोघेही बोललो नाही. मजुरी फुटावर ठरते तेव्हा गार्ड सरकायला लागणारा क्षणदेखील कारागिराच्याच खिशातून जातो.

नागदेवी स्ट्रीटवरचा दुकानदार वॅट सांगत होता. मी प्लग काढलेल्या यंत्रांची गार्डे मागे ओढून सोडत होतो. एकाचे रेंगाळत परतले, दुसऱ्याचे टपकन मिटले. ते दुसरे घेतले: १८५ मिलिमीटरचे पाते, साठेक मिलिमीटर काप. बॅटरीवरचे मोहात पाडणारे होते, पण मग पुढची सगळी हत्यारे त्याच कंपनीची घेणे आले. कार्बाइड दात्यांची दोन पाती घेतली. रेषांच्या दिशेने चिरायला २४ दात्यांचे, आडवे कापायला ४० चे. सागात सिलिका असते, साधी धार फार टिकत नाही. खिळे शोधायला लोहचुंबक घरात होताच.

कामाला मिस्त्रीच आहेत. मजुरी फुटावर न ठरवता रोजावर ठरवली. रेघ दिसत नाही, ही तक्रार कायम आहे. गार्ड मात्र त्यांनी अजून तारेने बांधलेले नाही.