सुतोंड्याची टाकी

कन्नडहून निघालो, की बहुतेक गाड्या औट्रम घाट उतरून चाळीसगाव गाठतात. आम्ही गौताळा अभयारण्यातून नागदचा रस्ता धरला. ऑक्टोबर संपत आला होता. नागद ओलांडलं, की उजव्या हाताला अजिंठ्याच्या डोंगररांगेची भिंत आणि डावीकडे कपाशी, असं बनोटीपर्यंत चालतं. बनोटीजवळच्या नायगावातून सुतोंडा चढायचा. गावात त्याला नायगावचा किल्ला म्हणतात. सुतोंडा म्हणालात तर क्षणभर थांबून मग मान डोलावतात.

वाट दाखवायला गावातला एक तरुण सोबत आला. चढ फार नाही, पण गवत कमरेएवढं. सुतोंड्याला डोंगराच्या धारेत कातळ तासून खिंड पाडली आहे आणि तिच्यातच दरवाजा बसवला आहे. वर शरभ कोरलेला. खिंडीतून निघालेला दगड तटाला लागला असणार. खर्च वाचवायचा हा प्रकार मला दरवाज्यापेक्षा जास्त आवडला.

आत वाडे-बिडे काही उरलेलं नाही. आहेत ती टाकी, जिकडे पाहाल तिकडे. काही उघडी, हिरव्या पाण्याची. काही गाळाने भरलेली, वर झुडपं माजलेली. पण ज्यासाठी यावं ती खांबटाकी. वरून फक्त कातळाच्या पोटात गेलेला काळोख दिसतो. मी काठावर ओणवा झालो, तसा मागून आवाज आला, “जपून सर, शेवाळ आहे.” डोळे सरावले, तेव्हा एकामागे एक जाडजूड चौकोनी खांब दिसू लागले, पार मागच्या अंधारापर्यंत. भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव अजून मोजता येतात. पाण्यात हात घातला तर उन्हाचा त्या पाण्याशी कधी संबंधच आला नसावा, इतकं गार.

रोमन लोकांनी इटलीत मिसेनम इथे आरमारासाठी असंच मोठं टाकं केलं होतं. त्याला 48 खांब, आणि पाणी दुरून कालव्याने आणलेलं. तिथले खांब बांधून उभे केले. इथले खांब उभे केलेच नाहीत, ते शिल्लक ठेवले. अरुंद तोंडातून आत शिरायचं, समोरचा दगड फोडून बाहेर काढायचा आणि छत तोलायला कुठला भाग सोडायचा हे आधीच ठरवायचं. एक खांब जास्त तासला गेला, तर तो परत जोडता येत नाही. बदल्यात वर कातळाचं छत मिळतं, म्हणून चैत्र-वैशाखातही वाफ कमी होते. इथे कालवा नाही. जे काय पडेल ते चार महिन्यांत आभाळातून.

हे कसब या भागात किल्ल्यांच्याही आधीपासून आहे. कन्नड तालुक्यातच पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वीची. टॉलेमीने दुसऱ्या शतकात नोंदवलेलं पेट्रिगाला ते हेच, असं अभ्यासक मानतात. तिथे पायऱ्यांच्या बाजूला पाच फण्यांचा नाग कोरलाय; वरून आलेलं पाणी फण्यांमधल्या छिद्रांतून बाहेर पडावं, म्हणून मागे कातळातच नाळ काढली आहे. डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याला वाट करून द्यायची आणि वर त्यातून शोभाही साधायची! पैठणच्या एका गंध्याचं नाव तिथल्या दानलेखात आहे. म्हणजे पैसा व्यापाराचा, आणि पाण्याची अक्कल पाथरवटांची.

सुतोंड्याच्या पाथरवटांची नावं कुठेच नाहीत. सोबतच्या पोराला विचारलं, गावातले लोक टाक्यांचं काय करतात? “गुरं इकडे आली की पाजतो. आणि शिवजयंतीला साफ करतो, पण सगळी होत नाहीत.” मग त्याने एका टाक्याकडे बोट दाखवलं: तळाशी कंबरभर गाळ, एका कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या. त्या मात्र त्याच्या गावच्या नव्हेत, आमच्यासारख्या पाहुण्यांच्या. आम्ही हाताला आल्या तेवढ्या पिशवीत भरल्या. गाळ काढायला माणसं लागतील, घमेली लागतील. फेब्रुवारीत या, असं तो म्हणाला. तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि पाणी पुरेसं उतरलेलं.