जर आणि तर

आरोग्यसेवेत शिरू पाहणाऱ्या मुलामुलींना संख्याशास्त्र जड का जाते, असे विचारले की 'गणित कच्चे' हे उत्तर तयार असते. मला ते हल्ली पटेनासे झाले आहे. माझी भाची बी.एस्सी. नर्सिंगला आहे. परिचर्येच्या पदवीत संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय असतो. त्याची पूर्वतयारी म्हणून तिने एका परदेशी विद्यापीठाचा प्राथमिक अभ्यासक्रम आंतरजालावर घेतला आणि सुट्टीत माझ्याकडे असताना त्याचे बरेचसे पाठ आम्ही दोघींनी मिळून पाहिले. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या बाईचे तिथे काय काम, असे कुणी विचारील. परंतु पाठ पुढे सरकू लागले तसे जाणवत गेले की अडचण आकड्यांत थोडी आहे आणि वाक्यांत फार.

आकडेमोड आता यंत्रच करते. शिवाय या पद्धतीचा एक गुण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे: चित्रफीत थांबवता येते, मागे नेता येते. साठ जणांच्या वर्गात 'पुन्हा एकदा सांगा' असे तिसऱ्यांदा म्हणण्याचे धैर्य कुणालाच नसते. इथे तिसऱ्यांदाच काय, सातव्यांदाही ऐकले तरी शिकवणाऱ्याच्या कपाळाला आठी पडत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला याचा आधार मोठा. दहावीत भेटलेले मध्य, मध्यक, बहुलक इथे मीन, मीडियन, मोड होऊन येतात आणि पहिला आठवडा जुन्याच ओळखी नव्या वेशात पटवून घेण्यात जातो. असो.

खरी कसोटी लागली ती रोगचाचणीच्या पाठात. उदाहरण प्रसिद्ध आहे. कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांची स्तनाच्या कर्करोगासाठी क्ष-किरण तपासणी केली. त्यांच्यापैकी 1 टक्का स्त्रियांना तो रोग आहे. रोग असेल तर तपासणी होकारार्थी येण्याची संभाव्यता 90 टक्के. रोग नसताही ती होकारार्थी येण्याची संभाव्यता 9 टक्के. एका बाईची तपासणी होकारार्थी आली. तिला रोग असण्याची संभाव्यता किती?

भाची तत्काळ म्हणाली, "नव्वद." पडद्यावर तांबडी फुली उमटली. या उत्तरात ती एकटी नव्हती. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांनी 2006-07च्या सुमारास हाच प्रश्न 160 स्त्रीरोगतज्ज्ञांना चार पर्याय देऊन विचारला, तेव्हा 21 टक्क्यांनीच बरोबर उत्तर दिले. डोळे मिटून एका पर्यायावर बोट ठेवले असते तरी 25 टक्के बरोबर आले असते!

भाषेच्या अंगाने पाहिले तर इथे काय घडते ते स्वच्छ दिसते. 'रोग असेल तर तपासणी होकारार्थी येईल' आणि 'तपासणी होकारार्थी आली तर रोग असेल' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पाऊस पडला तर अंगण ओले होते. म्हणून अंगण ओले दिसले की पाऊसच पडला असे कुणी म्हणत नाही, कुणी सडा घातला असेल. अंगणाच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याला उपजत असते, ते टक्केवारी आली की नाहीसे होते. जर आणि तर परस्परांच्या जागा घेतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

यावर गिगेरेन्झर यांनी सुचवलेला उपाय साधा आहे: टक्के सोडा, माणसे मोजा. हजार स्त्रिया घ्या. दहा जणींना रोग आहे, त्यांतल्या नऊ जणींची तपासणी होकारार्थी येईल. उरलेल्या 990 निरोगी स्त्रियांपैकी सुमारे 89 जणींचीही येईल. म्हणजे होकारार्थी आलेल्या 98 जणींत रोग असलेल्या नऊच. दहांत जेमतेम एक. अशी उजळणी केल्यावर त्याच डॉक्टरांपैकी 87 टक्क्यांचे उत्तर बरोबर आले. मला यात नवल वाटले नाही. 'दहांत एक', 'शंभरात चार' अशी मोजणी आपल्या बोलीत मुरलेली आहे. 'सोळा आणे खरे' म्हणणाऱ्या भाषेला सोळांपैकी किती हे विचारणे परके नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा नर्सिंगच्या प्रत्येक मुलीला ठाऊक असतो. सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मेले, हे क्रिमियाच्या युद्धातील मृत्यूंच्या ज्या आकृत्यांतून तिने दाखवून दिले आणि ज्या वर्षी, म्हणजे 1858 साली, लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने तिला पहिली स्त्री-सभासद करून घेतले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. दिव्याइतक्याच त्या आकृत्याही तिच्या आहेत.

दुसऱ्या प्रयत्नात भाचीचे उत्तर बरोबर आले, हिरवी खूण उमटली, पाठ संपला. माझे समाधान झाले नाही, कारण यंत्राने उत्तर तपासले होते, ते सांगायचे कसे हे तपासले नव्हते. उद्या समोरच्या बाईशी डॉक्टर दोन मिनिटे बोलतील आणि मग ती हिलाच विचारील, "सिस्टर, म्हणजे मला झालाय का?" २०२० सालच्या साथीत आपण 'तो पॉझिटिव्ह निघाला' असे म्हणू लागलो, चाचणीचे विशेषण माणसाला चिकटले, ते या बाईलाही चिकटणारच. मी भाचीला म्हटले, आता हे मराठीत सांग. तिने बराच वेळ घेऊन वहीत लिहिले: "ताई, या तपासणीत असे आलेल्या दहा बायकांपैकी साधारण एकीलाच हा आजार निघतो. म्हणून पुढची तपासणी करायची. ती चुकवू नका." मी एक शब्दही बदलला नाही.

मग तीच थबकली. "पण मावशी, आमच्याकडे गाठ लागली म्हणूनच बायका येतात. त्यांच्यात हजारी दहाच कशा असतील?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या स्त्रियांची स्तनतपासणी हाताने होते. क्ष-किरणांपर्यंत येणारी बाई बहुधा काहीतरी हाताला लागल्यावरच येते. तिच्यासाठी तो 1 टक्का लागू नाही, म्हणून वहीतले 'दहांत एक'ही लागू नाही. पाठात तो आकडा पहिल्याच ओळीत दिलेला होता. भाचीने 'साधारण एकीलाच' खोडले, तिथे जागा रिकामी ठेवली आणि समासात लिहिले, 'मॅडमना विचारणे: आपल्या ओपीडीत किती?'