काकांची वाडी आणि अरागोनेझ

कळंबच्या वाडीचं काय करायचं, हा विषय आमच्याकडे दर गणपतीला निघतो. पंधरा गुंठे, एक विहीर, थोडी राजेळी, थोडा मोगरा. विहीर उन्हाळ्यात मचूळ होते, कामाला माणूस मिळत नाही आणि शेजारी रिसॉर्ट झाल्यापासून एजंटचे फोन चालू. काका विकायला तयार नाहीत. या वेळी त्यांनी नवीनच टूम काढली : वाइनची द्राक्षं!

पोर्तुगालच्या अलेंतेजु भागात चाळीस डिग्रीतसुद्धा अरागोनेझ नावाचं काळं द्राक्ष झकास येतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. "अरे, वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजच होते ना? उकाडा तर आपल्याकडेही आहे. मग लावूया की!"

आता काकांना 'नाही' म्हणायचं तर कारण पक्कं हवं. हे अरागोनेझ म्हणजे स्पेनचं टेंप्रानिलो. पोर्तुगालच्याच उत्तरेला, दोरू नदीच्या खोऱ्यात, ते टिंटा रोरिझ होतं आणि पोर्ट वाइनमध्ये जातं. एकाच माणसाचे तीन लॉगिन आयडी! स्पॅनिशमध्ये 'तेंप्रानो' म्हणजे लवकर. हे लवकर पिकतं म्हणून ते नाव. आपल्या नाशिककडे, दिंडोरी तालुक्यात, चारोसावाल्यांनी ते लावून त्याची वाइनही काढली.

पण अलेंतेजुचा उकाडा कोरडा. तिथे उन्हाळ्यात, घड पिकताना, पाऊस जवळपास नसतोच. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर! नाशिकवाले यावर कॅलेंडर फिरवतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये.

"मग आपणही फिरवू," काका.

खरी गोची रात्रीची आहे. या द्राक्षात आंबटपणा मुळात कमी. रात्री थंड असल्या तर तो टिकतो, नाहीतर वाइन नुसती सपक. दिंडोरीत जानेवारीत पारा दहाच्या आसपास उतरतो. कळंबला तेव्हा एक चादर पुरते. त्यात समुद्राची दमट हवा, म्हणजे भुरीला आमंत्रणच. मचूळ पाण्यावर डॉगरिजच्या खुंटाने थोडाफार निभाव लागेल, पण रात्रीवर पॅच कुठून आणायचा?

पोर्तुगीज दोनशे वर्षं राहिले, पाव आणि पगार देऊन गेले. आपलं 'पिंप'सुद्धा त्यांच्या 'पिपा'वरून आलं, म्हणजे वाइनचा लाकडी बुधला. काकांच्या मोरीत अजून एक निळं पिंप आहे, त्यात पाणी असतं. असो.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे राजेळीच," ते म्हणाले. मग मी सुकेळी करण्याचं सुचवलं. वसईच्या सुकेळीला गिऱ्हाईक आहे. त्यावर काकी आतून म्हणाल्या, "सोलायला आणि उन्हात उलटायला तू येणार आहेस का दर शनिवारी?"

एजंटचा फोन पुढच्या रविवारी आहे. शनिवारी सुकेळीचा हिशेब मांडायला बसतोय.