पेशीत अडकणारा रंग

फ्लुरोसंट रंग कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. क्विनीनच्या द्रावणावर डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की निळी झाक का उमटते, याचा उलगडा जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये केला. ‘फ्लुरोसन्स’ हा शब्दही त्यांचाच. पुढे १८७१ मध्ये अडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुरोसीन बनवले. आज प्रयोगशाळेत वापरले जाणारे कितीतरी हिरवे रंग याच रेणूच्या गोतावळ्यातले आहेत.

नुसते चमकून भागत नाही. रंग पेशीत कसा शिरतो आणि शिरल्यावर कशाला धरून राहतो, यावर त्याचे काम ठरते. प्रोपिडियम आयोडाइडला धडधाकट पेशीपटल ओलांडता येत नाही. पटल फाटले की तो आत जातो, डीएनएत रुतून बसतो आणि लाल चमकतो. त्यामुळे मेलेल्या पेशी वेगळ्या ओळखता येतात. मात्र तो आरएनएलाही चिकटतो. डीएनए मोजायचे असेल तर आरएनए आधी एन्झाइमने नष्ट करावा लागतो. कॅल्सीन-एएम नेमके उलटे वागतो: बाहेर असताना तो चमकत नाही, जिवंत पेशीतली एस्टरेज एन्झाइमे त्याचे काही गट तोडतात आणि मगच तो हिरवा होतो.

हीच युक्ती सीएफएसई या रंगात एक पाऊल पुढे जाते. एस्टरेजने गट तोडल्यावर तो चमकू लागतोच, शिवाय पेशीतल्या प्रथिनांच्या अमाइन गटांशी पक्का रासायनिक बंध जोडतो. असा बांधला गेलेला रंग आठवडे टिकतो. सुरुवातीला त्याचा वापर शरीरात लिम्फोसाइट कुठे जातात हे पाहण्यासाठी होत असे. १९९४ मध्ये ब्रूस लायन्स आणि ख्रिस्तोफर पॅरिश यांनी त्याचा दुसरा उपयोग दाखवला. पेशी दुभंगली की रंग दोन्ही लेकींत निम्मा-निम्मा वाटला जातो. एकेका पेशीचे तेज मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरच्या आलेखावर प्रत्येक पिढीचे वेगळे शिखर दिसते, आधीच्या शिखराच्या निम्म्या तेजाचे. सात-आठ विभाजनांनंतर हे तेज पेशीच्या स्वतःच्या मंद चमकेत मिसळून जाते आणि मोजणी थांबते. आलेखावरून मागचा हिशेबही लागतो: तीनदा दुभंगलेल्या पेशींच्या शिखरात ८०० पेशी असतील तर त्यांची मुळे १०० पेशींत आहेत, कारण तीन विभाजनांत एकीच्या आठ होतात. वाटेत मेलेल्या पेशी मात्र या हिशेबात येत नाहीत.

आलेख बिघडतो तो बहुधा रंगवतानाच. रंग डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला असतो आणि पाण्यात गेल्यावर फार काळ तग धरत नाही. थेंब सरळ पेशींवर टाकला तर पहिल्या भेटीच्या पेशी तो अधाशासारखा पिऊन घेतात, बाकीच्या फिकट राहतात आणि शिखरे एकमेकांत मिसळतात. यावरचा उपाय अगदी घरगुती वाटावा असा आहे. नळी आडवी धरायची, थेंब कोरड्या भिंतीवर ठेवायचा, झाकण लावून नळी झटक्यात उलटीसुलटी करायची आणि ढवळायची. द्रावणात सीरम नको, कारण त्यातली प्रथिने रंग पळवतात. काही मिनिटांनी रंगवणे थांबवायला मात्र तेच सीरम ओततात. रंग जास्त झाला तर पेशी मरतात किंवा विभाजन थांबवतात. पहिल्या दिवसात बराच रंग आपोआप गळतो. त्यामुळे न विभागलेल्या पेशींचा नमुना रोज सोबत मोजावा लागतो.

पीकेएच-२६ सारखे रंग पेशीपटलाच्या मेदात शिरून बसतात. त्यांचा धोका वेगळा आहे. शरीरात टोचलेली रंगीत पेशी मेली आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशीने तिचे तुकडे गिळले की मॅक्रोफेजच चमकू लागतो. टोचलेल्या पेशी जिवंत असल्याचा भास होतो. अशा वेळी पेशीची ओळख दुसऱ्या खुणेने, उदाहरणार्थ तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनाने, पटवून घ्यावी लागते. जेलीफिशपासून मिळालेल्या जीएफपी प्रथिनाचे जनुक पेशीच्या जनुकसंचात कायमचे बसवले तर प्रत्येक लेक ते प्रथिन नव्याने बनवते, चमक पातळ होत नाही. पण म्हणूनच विभाजने मोजायला ते निरुपयोगी ठरते, आणि ते काम सीएफएसईसारख्या रंगांकडेच राहते.