जांभळाला लवंगेची जोड

जांभळाचा जॅम एका वेळी किलोभर फळांपेक्षा जास्त करू नये, असं माझं ठाम मत आहे. गर जास्त असला की आटायला वेळ लागतो, आणि आचेवर फार वेळ राहिलं की जांभळा रंग तपकिरीकडे झुकतो, घट्टपणा आणणारं पेक्टिनही तुटायला लागतं. पसरट स्टीलच्या पातेल्यात, मोठ्या आचेवर, थोडा गर पटकन आटतो. लोखंडी कढई मात्र नको. जांभळातल्या टॅनिनमुळे जॅम काळपट पडतो आणि त्याला लोखंडाची चव येते.

आम्हा उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या लोकांना जांभळं दुरून आणावी लागत नाहीत. अंबरनाथ ओलांडलं की बदलापूर. तिथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या पट्ट्यात जांभूळ नावाचं गावच आहे. जूनमध्ये मी टपोरी, काळीभोर जांभळं घेते आणि मूठभर लालसर, अर्धकच्ची मागून घेते. पेक्टिन आणि आंबटपणा त्यांच्यातच जास्त. जोराचा पाऊस होऊन गेल्यावरची पाणचट फळं खायला ठीक, जॅमला नकोत.

मसाल्याची गोडी मला या वस्तीनं लावली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आमच्या मोरांब्यातही लवंग असतेच, पण तिला दालचिनी आणि मिऱ्यांबरोबर मलमलच्या पुरचुंडीत बांधायला शिकवलं ते शेजारच्या सिंधी अम्मांनी. लवंग आणि जांभूळ ही सिझिजियम या एकाच प्रजातीतली झाडं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची चव इतकी कशी जमते, याचं कोडं मला तेव्हापासून पडलेलं नाही. किलोला चार लवंगा पुरतात. साखर विरघळली की पुरचुंडी काढायची. शेवटपर्यंत ठेवली तर जीभ बधिर होते आणि जांभळाचा तुरटपणा दबतो. तो तुरटपणा राखण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

साखर गराच्या पाऊणपट, तीही गर मऊ शिजल्यावर. आधी घातली तर साली चिवट राहतात. मग एका लिंबाचा रस. मोरांब्याच्या सवयीनं तार बघत बसू नये, नाहीतर गार झाल्यावर जॅम खरवडून काढावा लागतो. १०४-१०५ अंश सेल्सियसला तो तयार होतो. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटानं सरकवा. वर सुरकुती पडली की गॅस बंद. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत गरम असतानाच भरा. बाजारच्या जॅममध्ये नियमानं किमान ४५ टक्के फळ लागतं. या बाटलीत ते त्याहून पुष्कळ जास्त असतं.

पावसाळ्यात उघडलेली बाटली बाहेर राहिली तर बुरशी धरते, म्हणून ती फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा. आणि यंदा जून सरायच्या आत बदलापूरला जाऊन, द्रोण घेऊन बसलेल्या बायकांशी घासाघीस न करता, किलोभर जांभळं घेऊन या.