लपवलेल्या डब्याची रीत

खांदा कॉलनीत राहणाऱ्या माणसाला पत्ता सांगायला फार कष्ट पडत नाहीत. सेक्टर, प्लॉट, बिल्डिंगचं नाव आणि शेवटी खांदेश्वर स्टेशन, एवढं सांगितलं की काम झालं. सिडकोनं आखलेली वस्ती आहे, आकड्यांवर चालते. पण माझ्या पत्त्याचा आणखी एक प्रकार आहे हे मला अलीकडेच कळलं. १९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व आणि त्यापुढे मिनिटांचे अपूर्णांक. हा पत्ता पोस्टमनच्या उपयोगाचा नाही. तो डबा शोधणाऱ्याच्या उपयोगाचा आहे.

माझी लेक नोकरीसाठी जर्मनीत असते. तिथे तिला एक छंद जडला. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो आणि इतरांनी तो शोधून काढायचा. डब्यात एक वही असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि निघायचं. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, एवढं शिकून हे लपंडाव खेळायला गेलीस का तिकडे?

पण ह्या लपंडावाला इतिहास आहे. जीपीएसच्या उपग्रहांचा जो सिग्नल सर्वसामान्यांना मिळे, त्यात अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे यंत्रानं दाखवलेली जागा आणि खरी जागा यांत शंभरएक मीटरचं अंतर पडू शके. २ मे २००० रोजी ही चूक मिसळणं थांबलं. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं रानाजवळ एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तकं होती, एक गलोल होती, शिजवलेल्या घेवड्याचा एक डबा होता आणि वही-पेन्सिल होती. काही दिवसांतच ती बादली लोकांनी शोधून काढली. आज जगात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. काही फिल्मच्या रिळाच्या डबीएवढे, काही पेटीएवढे.

लेक गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर आली आणि म्हणाली, "अब्बा, मला आपल्या कॉलनीत एक डबा लपवायचाय."

माझ्या आधी तिची अम्मी बोलली. "तिकडे तो खेळ असेल. इथे डबा लपवणाऱ्याचं नाव आधी विचारतात, खेळ नंतर."

तिच्या ह्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत दहा-अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. बेवारस वस्तूला हात लावू नका, ही सूचना त्यानंतर आम्हां लोकलवाल्यांच्या अंगवळणीच पडली. ती सूचना योग्यच आहे. पण त्यानंतरच्या वर्षांत एकदा स्टेशनच्या बाकावर जेवणाचा डबा बाजूला ठेवून मी बुटाची नाडी बांधत होतो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "हा तुमचाच ना?" मी हो म्हटलं. बोलता बोलता त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ते काही न बोलता उठले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी अपमान केला नाही, आवाज चढवला नाही. त्यांना भीती वाटली, एवढंच. डब्यात भाजी-भाकरी होती, आणि ती माझ्यासमोर तशीच राहिली.

लेकीनं अम्मीला उलट विचारलं, "मग आम्ही फक्त शोधायचंच का? लपवायचं दुसऱ्यांनीच?"

ह्या प्रश्नाला आमच्या घरात त्या दिवशी कुणाकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी तिला म्हटलं, आधी मला ह्या खेळाचे नियम सांग. मग ठरवू.

नियम ऐकता ऐकता माझं हसू मावळलं. पहिला नियम असा, की डब्यातली एखादी वस्तू घ्यावीशी वाटली तर घ्या, पण तेवढ्याच किंवा त्याहून जास्त मोलाची वस्तू आत ठेवा. दुसरा, डबा जिथे आणि जसा मिळाला तिथे आणि तसाच ठेवा. तुम्हांला त्याहून चांगली जागा सुचली तरी ती वापरू नका, कारण डबा तुमचा नाही. तिसरा, तुम्हांला सापडला म्हणून त्याचं गुपित पुढच्याला फोडू नका. चौथा, जागा ज्याची असेल त्याची परवानगी घेतल्याशिवाय काही ठेवू नका. आमच्याकडे ह्याला एकच शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू हाती आली, कुणी बघत नाही, तरी ती जशीच्या तशी परत ठेवायची. लाखो अनोळखी माणसं एकमेकांच्या अमानती सांभाळताहेत, असा हा खेळ आहे.

मग आम्ही दोघांनी ते नियम आपल्या मुलखाला लावून पाहिले. कुणा वाचकाच्या घरातल्या मुलांना हा नाद लागला तर उपयोगी पडेल म्हणून ते इथे देतो.

जागा आधी. रेल्वेचे रूळ, स्टेशन, पूल, शाळा, लष्करी जागा आणि विमानतळ यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि तो आमच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे हा नियम पनवेलकरांनी जास्तच लक्षात ठेवावा. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं. जमीन खणून डबा पुरायचा नाही, हा तर जगभरचा नियम आहे. आपल्याकडे त्याला दुसरंही कारण आहे. रायगडच्या गावांत हातात फावडं-टिकाव घेऊन किल्ल्याच्या वाटेला लागलात, की लोक म्हणणार, गुप्तधन शोधायला आलेत. गुप्तधनापायी आपल्याकडे काय काय झालं, ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत वाचायला मिळतं.

कर्नाळ्याला डबा ठेवायचा नाही, हेही ठरलं. ते १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथे मागे काही टाकून येणं कायद्यानंच मना आहे. पण अशा जागांसाठी खेळानं वाट काढलेली आहे. २००४ पासून बिनडब्याचा एक प्रकार सुरू झाला. त्यात जागेचे आकडे देतात आणि तिथल्या दगड-मातीविषयी एक प्रश्न विचारतात. उत्तर जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय देता येत नाही. कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका बेसॉल्टचा आहे, आणि त्याच्याविषयी दहा प्रश्न विचारता येतील. फक्त सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा खाली आरडाओरडा, अत्तर आणि धूर नको. सलीम अलींनी १९३० मध्ये ह्याच आपल्या जिल्ह्यात, किहीमला, सुगरणीचा अभ्यास केला, तो तिच्या घरट्यांच्या वसाहतीजवळ चिकाटीनं बसून आणि बघत राहून. शोधणाऱ्यानं एवढं शिकलं तरी पुष्कळ झालं.

मग डबा. आपल्या जुलैच्या पावसात जर्मनीचा डबा टिकत नाही. झाकणाला रबराची कड असलेला, चारी बाजूंनी कुलुपासारखा बंद होणारा डबा घ्यावा. वही आत आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. पेन नको, पेन्सिल ठेवावी, कारण ओल लागली की शाई पसरते आणि शिसं टिकतं. खाण्याची वस्तू कधीही ठेवू नये. पहिल्या बादलीत घेवडा होता खरा, पण खेळ पुढे शहाणा झाला. गोळी-चॉकलेट ठेवाल तर पहिली सही मुंग्यांची होईल.

मग शोधणं. आकडे अंश आणि मिनिटांत देतात, मिनिटांच्या अपूर्णांकाचे तीन अंक. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजे शेवटचा एक अंक चुकला तर पावणेदोन-दोन मीटरचा फरक पडतो. मधला अंक चुकला तर शेजारच्या सोसायटीत जाल. झाडाखाली आणि उंच इमारतींमध्ये फोन पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतोच. म्हणून शेवटच्या दहा मीटरला फोन खिशात घालावा आणि डोळे वापरावेत. हात मात्र वापरू नयेत. कोकणात दगडाखाली विंचू असतो, पालापाचोळ्यात फुरसं असतं. आधी काठीनं हलवावं, उजेड टाकून बघावं, मगच हात घालावा. विंचू चावला तर मंत्राची वाट न बघता दवाखाना गाठावा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाचे कितीतरी रोगी वाचले आहेत. साप चावला तर जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही. लवकरात लवकर प्रतिविष मिळालं पाहिजे.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक सूचना. साधा फोन आणि साधं जीपीएस यंत्र चालतं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मात्र परवान्याशिवाय आणू नये. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र बाळगल्याबद्दल एका परदेशी पाहुणीला ताब्यात घेतलं होतं.

इतकं सगळं झाल्यावरही अम्मीचा प्रश्न उरलाच होता. संशयाचं काय?

संशय तिकडेही आहे. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात जुलै २०११ मध्ये एका कॅफेबाहेर ठेवलेला असाच डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकानं उडवून दिला. आणि आपल्याकडे तर डबाही लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर तशाच अफवेला बळी पडले. ही माणसं आपल्यापैकी नव्हती, असं म्हणून आपण मोकळं होऊ शकत नाही. अनोळखी माणसाला आधी विचारावं, ही रीत मोडली की कुणाचंही काहीही होऊ शकतं. आपल्याला तो संशय जरा लवकर गाठतो, एवढाच फरक.

लेक म्हणाली, "अब्बा, लपवायचं ते खेळणाऱ्यापासून. शेजाऱ्यापासून नाही." माझ्या मते सगळ्या नियमांचं सार ह्या एका वाक्यात आहे.

म्हणून तिनं डबा सार्वजनिक बागेत नाही, आमच्याच सोसायटीच्या आवारात ठेवायचं ठरवलं. सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला. कमिटीच्या बैठकीत खेळ समजावून सांगितला. वॉचमनला जागा दाखवली. डबा पारदर्शक घेतला आणि त्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली: हा खेळाचा डबा आहे, आत वही, पेन्सिल आणि लहान वस्तू आहेत, उघडून पाहा, नाव लिहा, पुन्हा इथेच ठेवा. खाली आमच्या फ्लॅटचा नंबर. अम्मी ती चिठ्ठी दोनदा वाचून म्हणाली, "नंबर जरा मोठा लिही." तिची परवानगी मला त्यातून कळली.

पहिल्या आठवड्यात बिल्डिंगमधल्या मुलांनी वहीची चार पानं भरली. एका मुलानं गोटी ठेवून खोडरबर नेलं, दुसऱ्यानं खोडरबराच्या जागी बुद्धिबळातला घोडा ठेवला. वॉचमननंही सही केली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ मात्र म्हणाले, माझ्यासमोर उघडून दाखवा. लेकीनं उघडून एकेक वस्तू बाहेर काढून दाखवली. त्यांनी सगळं पाहिलं, मान हलवली आणि निघून गेले. सही केली नाही.

मला त्यांचा राग आला नाही. विचारणं हा त्यांचा हक्क होता, आणि न विचारता पाठ फिरवण्यापेक्षा विचारणं कधीही बरं. लेक परत गेल्यावर डब्याची देखभाल माझ्याकडे आली. ज्यानं डबा ठेवला त्यानं तो सांभाळावा, आणि सांभाळणं होत नसेल तर उचलून घ्यावा, हाही नियमच आहे. पावसाच्या आधी रबर तपासतो, ओली पानं बदलतो, पेन्सिलीला टोक करतो. डब्यावर आपला नंबर लिहावा, कुणी विचारलं तर रोष न धरता उघडून दाखवावं, इथवर खेळाचे नियम आपल्याला आणून सोडतात. पाहून झाल्यावर त्या माणसानं वहीत आपलं नाव आमच्या नावाखाली लिहावं, हे कुठल्याही नियमात घालता येत नाही. त्याला एका आवारात बरीच वर्षं राहावं लागतं.