करार

फ्रंटियर हे नाव आपल्यातल्या फारशा कुणी ऐकलं नसेल. अमेरिकेत लास वेगासला ह्या नावाचं हॉटेल होतं. जुगाराचं, पैसेवाल्यांचं. २१ सप्टेंबर १९९१ ला तिथले साडेपाचशे कामगार बाहेर पडले. खोल्या आवरणाऱ्या बाया, भांडीवाले, आचारी, वेटर. मागणी साधी. दुसऱ्या हॉटेलांनी जो करार केला, तोच आम्हाला द्या. मालक पगार, पेन्शन, दवाखान्याचा खर्च, सगळ्यालाच कात्री लावायला बसलेला.

संप चालला सहा वर्षं, चार महिने, दहा दिवस. गेटावर रात्रंदिवस माणसं उभी. वाळवंटाचं ऊन. पोटाला घरी पोरंबाळं. आणि साडेपाचशेतला एकही फुटून आत गेला नाही. एकही! १९९८ साली जुन्या मालकाने हॉटेल विकलं. नव्याने करारावर सही केली आणि माणसांना परत कामावर बोलावलं.

संप सुरू झाला तेव्हा युनियनची अध्यक्ष होती हॅटी कँटी. काळी बाई. अलाबामातून आलेली, दहा लेकरांची आई. १९७५ ला नवरा गेल्यावर हिने हॉटेलातल्या खोल्या झाडल्या. १९९० ला अध्यक्ष झाली. ह्याच लास वेगासला १९६० पर्यंत काळा गायक स्टेजवर गायचा, टाळ्या घ्यायचा; रात्री झोपायला मात्र वस्तीत, रेल्वे रुळांपलीकडं. काळ्यांना काम मागच्या बाजूला. समोर गोऱ्यांनी मिरवायचं.

हे काय आपल्याला नवं आहे? माझा आज्या मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होता. विणकामात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. धोट्याचा धागा तोंडानं ओढावा लागायचा, अन् आपल्या थुंकीनं बाटतील ना ते! पोटासाठी एकत्र संप, पण धाग्याला जात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल रोखठोक विचारला. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात आज्या होता. पण १९४६ च्या कायद्यानं मालकाशी बोलायचा हक्क सरकारमान्य युनियनला. कामगार एकीकडं, सहीचा अधिकार दुसरीकडं. तो संप कुणी रीतसर मागंही घेतला नाही. आज्या तसाच गावाकडं आला, रिकाम्या हातानं.

आता मी सूतगिरणीत, रिंगवरच. ठेकेदाराच्या वहीत. आणि आई एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात अकरा वर्षं भांडी घासते. मागच्या दारानं जायचं, मागच्या दारानं यायचं. सोड्यानं हाताची सालं निघालेली. "मालक चांगला हाय रं, दिवाळीला लुगडं देतो," म्हणायची. उन्हाळ्यात तिच्या पायावर उकळतं तेल सांडलं. दवाखान्याचं बिल घेऊन मी गेलो, तर चांगला मालक म्हणाला, ही बाई आमच्याकडं कामाला नाहीच. कागद दाखव.

कागद कुठला? अकरा वर्षांचा एक चिटोरासुद्धा नाही. हजेरी मालकाच्या डोक्यात, सुट्टी मालकाच्या मर्जीत.

दोस्तांनो, १४ एप्रिलला आपण त्याच हॉटेलसमोरून मिरवणूक नेतो. घसा बसेस्तोवर घोषणा देतो. मागच्या बोळात कोण बसलंय हे कुणी वाकून बघतं का? स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या माणसाची जयंती असते ती.

परवा रात्री आमच्या खोलीत हॉटेलातल्या पाच बाया जमल्या. मी वही घेऊन बसलो. हजेरीपुस्तक, आठवड्याची सुट्टी, किमान वेतन, भाजलं-कापलं तर दवाखाना. आई मधेच म्हणाली, "मागच्या दाराचं पण लिव. आमी फुडनं येणार." मी लिहिलं.

तिनं पहिला अंगठा केला. चौघींचे झाले. पाचवी म्हणाली, नवऱ्याला इचारून सांगते. उद्या सेकंड पाळी सुटली की तिच्या घरी जायचंय.